सुतारमेटातले सुनीत

१

फळ्यावर मी लिहिले : आठ आणि सहा.
"सर, चौदाच काऊन?" प्रश्न होता खरा.
उत्तर माझ्या तोंडात अडकले जरा.
अकरावीचा तो वर्ग, हजेरीला दहा.
घरी आलो. बाप म्हणे, "पिऊन घे चहा."
सुतारमेटात त्याच्या बाभळीचा चुरा.
"तास काढता काढता येतेच ना धुरा?
बैल कुठं वयते रे, जाऊन तू पहा."

गेलो. धुऱ्यावर बैल क्षणभर थांबे,
मग जू कलते थोडे, सावलीही वळे;
पाठीवरचे ते ऊन येते तोंडावर.
रान तेच, माती तीच, पुन्हा तास लांबे,
मघा पाठ होती जिला, ती टेकडी कळे.
एवढेच लिहिले मी त्याच फळ्यावर.

२

तीन कडवी चारांची, मग दोन ओळी.
वाचून दाखवताना बाप ऐके दारी;
पाठीमागे पडलेली लाकडाची मोळी.
"ही त तिफनच, बाबू, आपलीच सारी."

तीन फण, तीन नळ्या, मधोमध चाडं,
एका मुठीतून बीज तिन्हींमध्ये जाते;
एक नळी बुजली की कुठं येती झाडं?
रिते तास वर्षभर गावभर गाते.

"आणि शेवटल्या दोन?" मी पुसले त्याला.
तो हसला. दातांमध्ये धरलेली चूक
काढून पुसून मग बोलता तो झाला :
"रुमन्याबिगर तास धराचं अचूक?

मूठ रायते मांगंच, मानूस बी मांगं;
बैलाले कुठं जायचं मांगूनच सांगं."

३

तिसरी जात आखूड : सहा, साडेचार.
प्रमाण मात्र तेच ते, चौदाचेच माप,
म्हणून तिला कोणीही अपंग न मानी.
मोर्शीहून आले यंत्र, नवी त्याची धार.
दोन बोटे देऊनच शिकला ते बाप.
भुशात हुडकली ती मी आणि आईनी.

आता आठच बोटांनी मोजी तो लाकूड,
कूस आणि खाच तरी बसे तंतोतंत.
हात कमी झाला नाही, झाला तो आखूड.
हे माझे मत. तो मात्र, मिळता उसंत,
नसलेली बोटे चोळी.

४

(चौथी पुस्तकात नाही. पंचफुलाच्या वहीत आहे. लाल शाई मी लावली नाही.)

सर, तुमी मन्ले, चौदा ओयी लिवून आना.
मी सकायीच संत्र्याच्या बगीच्यात जातो, पेट्या भराले.
बारक्या पेटीत खाली आठ बसते, वर सहा.
संत्र बारकं असलं त जास्त, मोठं असलं त कमी,
पन पेटी तेवढीच रायते.
म्हून मले वाटलं, हे आपल्याले जमन.
सातवी ओय बसमंधी लिवली, म्हून अक्षर हाल्लं.
आठवी लिवता लिवता मायनं कांदे आनाले धाडलं.
इथं वयाचं असते मन्ता तुमी.
मी वयून पाह्यलं त मांगं कोनी नोतं, फक्त झाडं.
मंग ठेकेदार पेटीवर झाकन ठोकते.
ठोकल्यावर कोन्तं संत्र कोन्त्याच्या बाजूले, दिसत नाई.
वास येते तेवढा.
चौदा झाल्या. मोजून घ्या.

५

पाचवीला शेपूट : ती चौदा झाल्या तरी,
जशी निघताना बाई बोले दारावरी.
पोळा झाला. उद्या तान्हा; आणि रात्री आला
शेजारचा मन्या, त्याचा बैल मोडलेला.
दाराच्या चौकटीतून उरले जे खोड
त्याला पाय चार दिले, शिंगांचीही जोड;
चाकांसाठी झाकणे ती औषधाची लाल,
डोळे बिब्याच्या शाईचे, हळदीचे गाल.

बैल झाला. उभा राहे. खांदा, मान, पाठ.
मी म्हटले, "झाला पुरा. बांधू आता गाठ."
पोट्टा म्हणे, "नाही झाला!" मान त्याची हाले.
बापाच्याही तेव्हा कुठे ध्यानामध्ये आले.
सुतळी घेतली, आणि दातांतली चूक
आठ बोटांनी ठोकली मागे, बिनचूक.

        शेपूट हलली.
मन्या ओढत निघाला, गल्ली अंधारली;
कोपऱ्यावर वळताना शेपूट दिसली.